बालकांचा कर्करोग : संशोधन आणि उद्याचे संशोधक

गेल्या पावसाळ्यात आमच्या प्राणिशास्त्राच्या अंतिम वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थिनी तीन आठवडे गैरहजर होती. परतल्यावर ती स्टाफरूममध्ये रजेचा अर्ज घेऊन आली. अर्जात कारण लिहिले होते, 'धाकट्या भावाचे आजारपण'. मी सही करीत असतानाच तिने विचारले, "सर, लहान मुलांना कॅन्सर होतोच कसा? माझ्या भावाने कधी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घातलेलं नाही."

भाऊ सात वर्षांचा. आजार रक्ताच्या कर्करोगाचा, म्हणजे ल्युकेमियाचा. मी तिला खुर्चीवर बसवले. पण उत्तर देण्यापूर्वी माझे मन फार मागे गेले. १९७८ साली मी चौथीत होतो. माझ्या बाकावरचा मित्र श्रावणात पांढराफटक दिसू लागला, पायांवर निळे डाग उमटू लागले, अधूनमधून ताप येऊ लागला. मोठ्या माणसांत कुजबूज चाले की त्याच्या 'पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत'. डॉक्टरांनी रक्ताची बाटली चढवली, आणि पुढे आपल्या हाती काही नाही असे सांगितले. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही शाळेत गेलो तेव्हा बाकावर मी एकटाच होतो.

पुढे विज्ञानाचा विद्यार्थी झाल्यावर मला एक गोष्ट कळली आणि ती आजतागायत सलते. माझा मित्र गेला त्याच्या दहा वर्षे आधीच जगात एके ठिकाणी याच आजाराची जवळजवळ निम्मी मुले बरी होऊ लागली होती. औषधे ठाऊक होती. मग कमी काय पडले? त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता या लेखाचा विषय मला सापडला.

मुलांचा कर्करोग वेगळा का?

निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला कर्करोग म्हटला की तोंडाचा, घशाचाच आठवतो. वर्षानुवर्षे तंबाखू, धूर वा इतर घातक पदार्थांचा मारा झाला की पेशींतील जनुकांत एकामागून एक बिघाड साचत जातात आणि शेवटी एखादी पेशी बेबंद वाढू लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून तो बहुधा उतारवयाचा रोग. मुलांचे तसे नाही. त्यांचे शरीर घडत असते. रक्ताच्या, मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या, डोळ्याच्या पडद्याच्या कोवळ्या पेशी झपाट्याने विभागत असतात आणि ठरलेल्या वेळी पक्व होऊन थांबतात. एखादी पेशी जनुकातील चुकीमुळे पक्व होण्याचेच विसरते आणि नुसती विभागत राहते. मुलाने काही खाल्ले म्हणून वा आईबापांनी काही हयगय केली म्हणून हे घडत नाही. सुमारे दहा टक्के मुलांत जन्मजात आनुवंशिक कारण सापडते. उरलेल्यांत बहुधा निश्चित कारण दाखवता येत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. तंबाखू सोडा असे सांगून मुलांचा कर्करोग टाळता येत नाही. तो वेळीच ओळखणे आणि नीट उपचार करणे एवढेच हाती उरते. मात्र या झपाट्याने विभागणाऱ्या पेशी औषधांना बळीही लवकर पडतात. जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक बरे होतात; अनेक गरीब देशांत तीस टक्केही होत नाहीत. रोग तोच, औषधेही बहुतांशी तीच. फरक आहे तो माणसांचा आणि व्यवस्थेचा.

परळपासून बोस्टनपर्यंत

ही औषधे आली कोठून? तिची एक वाट मुंबईच्या परळमधून जाते. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना एक विशिष्ट प्रकारचा जीवघेणा पंडुरोग होई. त्याचा शोध घेणे हे त्यांचे काम. हाफकिन संस्थेत प्रयोग करीत असता त्यांना आढळले की, यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने या स्त्रियांचे रक्त सुधारते. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या पदार्थात नेमके काय आहे हे तेव्हा माहीत नव्हते. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा झाला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. नवी पेशी घडताना तिच्या केंद्रकातील डी.एन.ए. तयार व्हायला हे जीवनसत्त्व लागते.

फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार करण्याचे काम अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत झाले. तेथील संशोधनप्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातील भीमावरमचे. त्यांचे दोन भाऊ स्प्रू नावाच्या पचनाच्या विकाराने गेले होते. त्या रोगातही रक्त असेच खंगते. अमेरिकेत सुरुवातीस रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करून त्यांनी शिक्षण केले होते.

बोस्टनच्या बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या सुमारास ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक ॲसिडच्या जातीचे पदार्थ देऊन पाहिले. कल्पना अशी की, पंडुरोगात रक्त सुधारते तर येथेही सुधारेल. झाले उलटेच. रोग अधिक वेगाने वाढताना दिसला. दुसरा कोणी असता तर निराश होऊन प्रयोग गुंडाळून ठेवता. फार्बर यांनी निराळा प्रश्न विचारला. जे दिल्याने रोग भडकतो, ते अडवले तर? फॉलिक ॲसिडसारखेच दिसणारे, पण पेशीला फसवून तिचे काम बंद पाडणारे रेणू सुब्बाराव यांच्या मंडळींनी तयार करून दिले. त्यांतील ॲमिनोप्टेरिन हे औषध फार्बर यांनी १९४७ च्या डिसेंबरअखेर एका लहान मुलाला दिले. १९४८ च्या जून महिन्यात त्यांनी अहवाल छापला. सोळा मुलांपैकी दहा मुलांत सुधारणा झाली होती. ती टिकली नाही. काही महिन्यांत रोग परतला. पण रक्ताचा कर्करोग औषधाने मागे हटू शकतो हे जगाने प्रथमच पाहिले. ॲमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही या मुलांना दिले जाते.

परळमधील गिरणीकामगार स्त्रीचे रक्त तपासणाऱ्या बाईंना आपण मुलांच्या कर्करोगावर काम करीत आहोत याची कल्पनाही नव्हती. संशोधनात असे फार घडते. आपली नोंद खरी आणि पूर्ण असेल तर ती कोणाच्या उपयोगी पडेल हे आपल्याला सांगता येत नाही.

रोग हटणे आणि रोग बरा होणे

येथे थोडा हिशेब करू. ल्युकेमियाचे निदान होते तेव्हा मुलाच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असतात. औषधाने त्यांतल्या नव्याण्णव टक्के मारल्या असे समजा. मूल खेळू लागते, ताप जातो, सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिमज्जा जवळजवळ निरोगी दिसते. घरचे देवापुढे नारळ फोडतात. पण एक टक्का म्हणजे अजून एक हजार कोटी पेशी उरलेल्याच असतात! उपचार येथे थांबला तर रोग परत येणारच. आमच्या विद्यार्थिनीच्या आजीचाही हाच प्रश्न होता, "पोरगं बरं झालंय, तर आता औषध कशाला?" त्या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे.

म्हणून औषधे एकत्र द्यावी लागतात आणि दीर्घकाळ, साधारणतः दोन ते तीन वर्षे, द्यावी लागतात. एका औषधाला जुमानत नाहीत त्या पेशी दुसऱ्याने मराव्यात, हा त्यातील हेतू. यातले एक औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते. १९५० च्या दशकात कॅनडातील शास्त्रज्ञ ही वनस्पती मधुमेहावर उपयोगी पडते का हे तपासत होते. साखर कमी झाली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्या निरीक्षणातून व्हिन्ब्लास्टिन आणि पुढे अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन ही औषधे हाती आली. पेशी विभागताना तिच्यात गुणसूत्रे ओढून नेणारे जे सूक्ष्म धागे तयार होतात, ते व्हिन्क्रिस्टिन बनू देत नाही. आपण प्रात्यक्षिकात कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करून पेशीविभाजनाच्या अवस्था पाहतो. तीच मधली अवस्था अडवणे म्हणजे हे औषध.

१९६२ साली अमेरिकेत मेम्फिस येथे सेंट ज्यूड हे बालरुग्णालय सुरू झाले. तेथील डोनाल्ड पिंकेल यांनी पाहिले की, चार औषधांनी रक्त स्वच्छ झालेल्या मुलांतही रोग पुन्हा डोके वर काढतो, तो पुष्कळदा मेंदूच्या आवरणात. रक्तातील औषध तेथे पुरेसे पोचत नाही. रोगट पेशी तेथे दडून बसतात. मग त्यांनी डोक्याला किरणोपचार आणि पाठीच्या कण्यातून औषध अशी जोड दिली. १९६७-६८ मधील त्यांच्या पाचव्या उपचारयोजनेत जवळजवळ निम्मी मुले कायमची बरी झाली. पहिल्या चार योजना अपुऱ्या ठरल्या होत्या. पण प्रत्येक योजनेत काय चुकले हे नीट लिहून ठेवले होते, म्हणून पाचवी साधली. आज उत्तम केंद्रांत या प्रकारच्या ल्युकेमियाची सुमारे नव्वद टक्के मुले बरी होतात, आणि डोक्याला किरण देणेही बहुतेकांच्या बाबतीत टाळता येते.

आपल्याकडे काय झाले?

१९७८ मध्ये माझ्या मित्रासाठी काय कमी पडले ते आता सांगता येते. औषधांची नावे पुस्तकात होती. पण ती केव्हा, किती, कोणत्या क्रमाने द्यायची, पांढऱ्या पेशी शून्यावर आल्या तर जंतुसंसर्गापासून मुलाला कसे वाचवायचे, हे जाणणारी प्रशिक्षित माणसे थोडी होती, आणि आमच्या भागापर्यंत ती पोचलेली नव्हती.

१९८४ नंतरच्या काळात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, मद्रासची, म्हणजे आजच्या चेन्नईची, कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या इयन मॅग्राथ यांच्या सहकार्याने एकच उपचारयोजना अवलंबिली. तिचे नाव एम.सी.पी. ८४१. परदेशातील योजना जशीच्या तशी न उचलता आपल्याकडे परवडेल, झेपेल अशी ती आखलेली होती. तोवर आपल्याकडे पाचांतले एखादे मूल दीर्घकाळ जगे. या योजनेने ते प्रमाण जवळपास निम्म्यावर गेले. सगळ्या केंद्रांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवल्यामुळे कोठे मुले जंतुसंसर्गाने दगावतात, कोठे रोग उलटतो, हेही कळले. हीच परंपरा पुढे नेत २०१६ पासून देशातील अनेक केंद्रांनी मिळून 'आयसिकल' या नावाने आपली स्वतःची मोठी चाचणी चालविली.

संशोधक कसा घडतो?

"सर, मला यात काही करता येईल का? मी काही डॉक्टर होणार नाही," असे त्या मुलीने नंतर एकदा विचारले. तिला मी तीन माणसांची माहिती वाचायला दिली.

पहिली गर्ट्रूड एलियन. पंधरा वर्षांची असताना आजोबा कर्करोगाने गेले आणि तिने रसायनशास्त्र घेतले. मुलगी म्हणून शिष्यवृत्त्या नाकारल्या गेल्या. तिने काही काळ प्रयोगशाळेत बिनपगारी काम केले, शाळेत शिकवले. पीएच.डी. अर्धवट सोडावी लागली. १९४४ मध्ये तिला जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. तेथे तिने तयार केलेले मर्कॅप्टोप्युरिन हे औषध आमच्या विद्यार्थिनीचा भाऊ आज रोज रात्री घेतो. १९८८ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे आल्फ्रेड नड्सन. हे बालरोगतज्ज्ञ, पण त्यांनी जनुकशास्त्राचेही रीतसर शिक्षण घेतले होते. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग झालेल्या ४८ मुलांच्या जुन्या नोंदी त्यांनी समोर ठेवल्या आणि कोणाला कितव्या महिन्यात रोग झाला याचे आलेख काढले. दोन्ही डोळ्यांत रोग असलेल्या मुलांत तो लवकर होतो, एकाच डोळ्यात असलेल्यांत उशिरा. त्या आलेखांच्या आकारावरून त्यांनी १९७१ मध्ये अनुमान मांडले की, रोगाला जनुकावर दोन आघात लागतात. काही मुले पहिला आघात घेऊनच जन्माला येतात, बाकीच्यांना दोन्ही आघात नंतर व्हावे लागतात. ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले १९८६ मध्ये, पंधरा वर्षांनी. पेशीच्या वाढीला आवर घालणारी जनुके असतात, हा कर्करोगशास्त्रातील मोठा विचार या साध्या गणितातून पक्का झाला. संख्याशास्त्राच्या तासाला जे खिडकीबाहेर पाहतात त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

तिसऱ्या आपल्याच, डॉ. कमल रणदिवे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. केली. खानोलकरांनी टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळा उभारल्या आणि १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. रणदिवेबाई अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र शिकल्या आणि मुंबईस परत येऊन त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. त्यांचे स्वतःचे काम मुख्यतः स्तनाच्या कर्करोगावर होते. तरी पेशी बशीत वाढवून तिच्यावर औषध तपासण्याची विद्या ज्यांनी या देशात रुजवली त्यांत त्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. खानोलकरांनी रणदिवे घडविल्या, रणदिव्यांनी पुढची पिढी. तेच संशोधन केंद्र आज नवी मुंबईत खारघर येथे 'ॲक्ट्रेक' या नावाने काम करते, आणि तेथे विद्यार्थी पीएच.डी. करतात.

प्रशिक्षण म्हणजे नुसती यंत्रे चालवायला शिकणे नव्हे. गुरूच्या शेजारी बसून, कोणते निरीक्षण महत्त्वाचे आणि कोणते भ्रामक, आपला आवडता तर्क चुकला तर तो कसा टाकून द्यावा, हे शिकणे होय. त्याला वर्षे लागतात. आज ज्या मुलाला रोग झाला त्याला कालच्या प्रशिक्षणाचा लाभ मिळतो. आज प्रशिक्षण दिले नाही तर त्याचा भुर्दंड वीस वर्षांनी कोणीतरी मूल भरते.

उरलेले काम

काम संपले आहे असे मुळीच नाही. मेंदूच्या काही गाठींवर अजून उपाय नाही. बऱ्या झालेल्या मुलांपैकी काहींचे हृदय औषधांमुळे पुढे दुबळे होते. किरणोपचार झालेल्या काहींची उंची खुंटते, अभ्यास मागे पडतो. तेव्हा गुण कायम ठेवून औषधाची मात्रा कोणासाठी कमी करता येईल, हा मोठा प्रश्न आहे. दहा हजार पेशींत एक रोगट पेशी असली तरी ती आता मोजता येते. त्यावरून कोणाला सौम्य उपचार पुरेल हे ठरवतात. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बाहेर काढून, त्यांना रोगट पेशी ओळखायला शिकवून परत शरीरात सोडण्याचा उपचार २०१२ मध्ये अमेरिकेत प्रथम एका लहान मुलीवर यशस्वी झाला. मुंबईच्या आय.आय.टी.ने टाटा स्मारक केंद्राबरोबर विकसित केलेल्या तशाच उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, सध्या १५ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी. लहान मुलांपर्यंत तो नेणे बाकी आहे.

आणि एक साधेच, पण मोठे काम आहे. आपल्याकडे कितीतरी मुलांचा उपचार मध्येच सुटतो. मुंबई किंवा बेंगळूरला राहायची सोय नसते, मजुरी बुडते, मूल बरे दिसते, कागदावरचे समजत नाही. अशा घरांशी त्यांच्या भाषेत बोलणारे, ती का थांबली याची नोंद घेणारे अभ्यासकही संशोधकच होत. सीमाभागातील आपल्याला घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलण्याची सवय आहे. या कामात ते मोठे भांडवल आहे. समाजशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांनाही येथे जागा आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगेन की, पदवीनंतर एम.एस्सी. करा, संशोधनवृत्तीसाठी घेतली जाणारी 'नेट' परीक्षा द्या, विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा. नाकारला गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा करा. आणि प्रात्यक्षिकाची वही दुसऱ्याची पाहून भरू नका. आकडा पुस्तकाशी जुळला नाही तर तो जसा आला तसाच लिहा. फार्बर यांचा आकडाही त्यांच्या अपेक्षेशी जुळला नव्हता.

तो मुलगा आता दुसरीत जातो. दीड वर्षाचा उपचार अजून बाकी आहे; निकाल आज सांगता येणार नाही, आणि खोटी आशा मी कोणाला देणार नाही. त्याच्या बहिणीने एक शंभरपानी वही केली आहे. तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, औषधाची मात्रा, ताप. मागच्या महिन्यात तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी ती वही मागून घेतली आणि पाने उलटून पाहिली. घरी आल्यावर तिने मला फोन करून सांगितले, "सर, डॉक्टर म्हणाले, अशीच लिहीत राहा."

माझे म्हणणेही तेच आहे.